काळी काच: एका बंद शेगडीचं प्रकरण

ताईचा फोन आला तेव्हा तिची तक्रार शेगडीबद्दल नव्हती, काचेबद्दल होती. "रोज सकाळी काच घासून घासून हात काळे होतात. जाळ दिसतो तो संध्याकाळचा तासभर, पुढे पडदाच." भाऊजींचं दुखणं वेगळं. रात्री चार ओंडके घालून झोपायचं आणि पहाटे पाचला उठावं तर खोली गारठलेली, शेगडीत दोन ओंडके काळे ठिक्कर, अर्धवट जळलेले. निष्कर्ष मात्र दोघांचा एकच होता: शेगडी फसवी निघाली, बदलायला हवी. मी त्यांच्याकडे दहा दिवस राहायला जाणारच होतो. म्हटलं, बदलायच्या आधी एकदा तिच्याजवळ बसून तर बघू.

शेगडी साधी आहे, पण बरी आहे. पोलादी पेटी, आतून अग्निविटांचं अस्तर, काचेचं दार. हवा आत यायच्या तीन वाटा. पहिली खालून, जाळीतून. ती कमीजास्त करायची दांडी दाराखाली. दुसरी वरून येते आणि काचेला आतून चाटत खाली उतरते. काच स्वच्छ राहते ती हिच्यामुळे, आणि जाळालाही हवा मिळते. तिची दांडी दाराच्या वर. तिसरी वाट मागच्या भिंतीतून वर चढते, चढता चढता तापते आणि पेटीच्या वरच्या भागात ओळीनं पाडलेल्या भोकांतून आत शिरते. हिला दांडीच नाही, ती कायम उघडी. भोकांच्या वर एक आडवी पाटी आहे. तिच्यामुळे धुराला सरळ वर पळता येत नाही, पुढच्या बाजूनं वळसा घ्यावा लागतो. पाइप १५ सेंटिमीटर व्यासाचा. खोलीत तो एकेरी पत्र्याचा आहे, मग भिंतीतून बाहेर पडतो आणि बाहेर चारेक मीटर चढतो.

पहिल्या रात्री मी कशालाही हात लावला नाही. शेगडीपासून अर्धा मीटर वर पाइपाला चुंबकाचा तापमापक चिकटवला आणि वही घेऊन बसलो.

९:४०. निखारे भरपूर, पाइप १६५ अंश सेल्सियस. भाऊजींनी चार जाड ओंडके रचले, दार लावलं आणि लगेच दोन्ही दांड्या बंद केल्या.

९:५५. १२० अंश. ज्वाळा नाही. ओंडक्यांच्या टोकांतून पाणी बुडबुडतंय, बारीक शिट्टीसारखा आवाज.

१०:२०. ८५ अंश. काचेच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून तपकिरी डाग वर चढतोय.

टॉर्च घेऊन बाहेर गेलो. धुराड्यातून पिवळट करडा धूर निघत होता. वर जायच्या ऐवजी छपरावरून घरंगळत खाली येत होता, आणि वास डांबराचा. जळणातली निम्मी ऊब तिथे छपरावरून ओघळत होती म्हटलं तरी फार चूक ठरणार नाही.

का, ते समजायला ओंडक्याच्या आत डोकवायला हवं. आधी त्यातलं पाणी उडतं. मग २०० अंशांच्या पुढे लाकूड स्वतःच फुटू लागतं आणि त्यातून वायू सुटतात. सुक्या लाकडाच्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग असा वायू होऊन निघतो, आणि एकूण उष्णतेतला निम्म्याहून मोठा वाटा त्याच्याबरोबर असतो. हे वायू नीट पेटायला साधारण ६०० अंशांची धग लागते आणि जोडीला ताजी हवा लागते. मागे उरतो तो कोळसा, म्हणजे आपले निखारे. भाऊजी दांड्या बंद करत होते त्या बरोब्बर चुकीच्या घडीला. खालच्या निखाऱ्यांनी ओंडके इतके तापत होते की वायू सुटू लागावेत, पण ते वायू पेटवण्याइतकी धग आणि हवा दोन्ही नव्हती. तिसऱ्या वाटेची हवा येत होती, पण पेटी तापलेली नसली की ती हवा नुसता गारवा घालते. न जळलेले वायू मग जिथे थंड पृष्ठभाग मिळेल तिथे बसतात: आधी काचेवर, मग पाइपात. पाइपाचा पत्रा सव्वाशे अंशांच्या खाली गेला की आत डांबर धरायला लागतं, आणि तेच डांबर पुढे एखाद्या दिवशी धुराड्यातच पेट घेतं. त्या आगीचं तापमान हजार अंशांपर्यंत जाऊ शकतं. काळ्या काचेचं हसू येणं बंद झालं ते हे आठवल्यावर.

भाऊजींचा हिशोब मूर्खपणाचा नव्हता, हेही सांगायला हवं. हवा कमी केली की जाळ सावकाश चालतो, तेव्हा ओंडके पहाटेपर्यंत पुरतील. कोळशाच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरंही आहे. ओल्या, ताज्या ओंडक्याला ते लागू नाही, एवढंच.

पण मी त्या रात्री दांड्यांकडे गेलो नाही. पाण्याचे बुडबुडे पाहिले आणि दोष लाकडाला दिला. सकाळी चार ओंडके कुऱ्हाडीनं उभे फोडले आणि आतल्या ताज्या बाजूवर ओलावामापकाच्या सुया रोवल्या. बाहेरून मोजण्यात अर्थ नसतो, बाहेरचं लाकूड नेहमीच सुकं लागतं. आकडे २९, ३१, २८, ३० टक्के. ठरलं, लाकूड ओलं. शेडच्या मागच्या बाजूला दोन वर्षांपूर्वी रचलेली थप्पी होती, तिथले ओंडके १६-१७ निघाले. भाऊजी म्हणाले, "ती थप्पी पुढच्या वर्षीसाठी आहे." ताई म्हणाली, "पुढचं वर्ष काच घासण्यात घालवायचंय का?" थप्पी पुढे आली.

दोन रात्री सुकं लाकूड जाळलं. सुधारणा झाली, पण निम्मीच. बुडबुडे गेले, डांबराचा वास कमी झाला. काच मात्र पहाटे पुन्हा तपकिरी, तोच उजवा कोपरा सगळ्यात आधी. तेव्हा कागदावर हिशोब मांडला, जो खरं तर आधीच मांडायला हवा होता. हे मापक पाण्याचं प्रमाण सुक्या लाकडाच्या वजनाशी लावून दाखवतं. म्हणजे मापकावरचे ३० म्हणजे एकूण वजनातलं २३ टक्के पाणी. ५ किलोच्या भरणीत सव्वा किलोला थोडं कमी. सुक्या थप्पीत तेच पाऊण किलो. फरक जेमतेम ४०० ग्रॅमचा. सगळं पाणी उडवायला त्या भरणीतल्या उष्णतेपैकी चार टक्के खर्च होतात, फार तर. एवढ्यानं खोली गारठत नाही. ओलं लाकूड नडतं ते वेळेमुळे: तो खर्च बराचसा पहिल्या अर्ध्या तासात येतो, आणि पेटीला धग हवी असते तीही तेव्हाच. म्हणजे लाकूड हा गुन्हेगाराचा साथीदार होता. मी त्यालाच धरून बसलो होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

उजवा कोपरा मात्र डोक्यातून जाईना.

चौथ्या दिवशी शेगडी थंड असताना कागदाची पट्टी घेतली, दारात अडकवली, दार लावून ओढली. डावीकडे पट्टी फाटली पण निघाली नाही. वर तेच. खाली उजवीकडे मात्र लोण्यातून सुरी निघावी तशी सरकन बाहेर. दाराच्या कडेला काचतंतूंची दोरी असते; तिथे ती चेपून दगडासारखी झाली होती. एवढ्याशा फटीनं सगळी गोष्ट उलगडली. धुराड्याची ओढ हवा खेचणारच. दांड्या बंद केल्या तर ती या फटीतून येते, आणि येते ती भात्यासारखी, एका ओंडक्याच्या बुडाशी. म्हणून संध्याकाळी उजवा ओंडका भडकायचा, खोली तापायची, भाऊजी दांड्या आणखी दाबायचे. डावीकडचे ओंडके घुसमटायचे. काचेवरून उतरणारी हवाही दांडीबरोबर बंद. भाऊजींची सवय या फटीनंच लावलेली होती.

नवी दोरी बसवली. जुनीच्याच जाडीची घ्यायची, हे महत्त्वाचं. जाड घेतली तर दार लागत नाही, बारीक घेतली तर फट तशीच. खाचेतला जुना डिंक खरवडून काढला, उष्णता सोसणारा नवा लावला, दोरी न ताणता बसवली आणि एक दिवस वाळू दिली.

पाचव्या संध्याकाळपासून शेगडी ऐकू लागली. दांडी बोटभर सरकवली तर जाळ बोटभर बदलायचा. याआधी कोणती दांडी कुठे ठेवायची याचे त्यांचे जे अंदाज होते, ते सगळे रद्द झाले. इथून पुढचं काम शिकण्याचं होतं आणि ते माझ्यापेक्षा ताईनं जास्त केलं.

आम्ही जी पद्धत बसवली तिचा गाभा एवढाच की प्रत्येक भरणी हा स्वतंत्र डाव. ती सुरू होते, भरात येते, निखाऱ्यावर येते, आणि मगच पुढची. मधूनमधून एकेक ओंडका सारायचा नाही. ऊब कमी हवी तर कमी लाकूड घालायचं, हवा दाबायची नाही.

पेटवणं वरून खाली. दोन मध्यम ओंडके खाली, त्यावर आडव्या फळकुटांचे दोन थर, सगळ्यात वर ढलप्या आणि पेटवण. दोन्ही दांड्या पूर्ण उघड्या. जाळ वरून सुरू झाला की धुराडं आधी तापतं, ओढ लवकर धरते, आणि खालच्या लाकडातून सुटणारा वायू वरच्या ज्वाळेतूनच जातो. भाऊजींना हे उलटं वाटलं. "जाळ खाली लावतात, वर नाही." पण पंधरा मिनिटांत पाइप १५० वर गेला आणि धुराड्याच्या तोंडाशी धूर जवळजवळ नव्हता. ते बाहेर जाऊन बघून आले, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः तसंच पेटवलं.

भरणीचा खरा कस पहिल्या वीस मिनिटांत. ताईच्या वहीतली सातव्या रात्रीची नोंद अशी:

७:१०. ज्वाळा संपल्या, निखारे लाल. पाइप ११५. दोन्ही दांड्या उघडल्या, निखारे पुढे ओढून घेतले. तीन ओंडके, हाताच्या मनगटापेक्षा थोडे जाड.

७:१८. १७०. तिन्ही ओंडके पेटले, साली काळ्या पडताहेत.

७:२५. २१०. खालची दांडी बंद. वरची पूर्ण उघडी.

७:३३. २३०. वरची दांडी अर्ध्यावर. जाळ मंद झाला, वरच्या भोकांतून निळसर ज्वाळा.

७:४५. २१५. वरची पाव. निळ्या ज्वाळा टिकून.

८:४०. १६०. लाकूड मोडून निखारे. दांडी पुन्हा अर्ध्यावर.

त्या निळसर ज्वाळांपाशी थोडं थांबावंसं वाटतं, कारण सगळं तंत्र त्यांच्यात आहे. त्या ओंडक्याला चिकटलेल्या नसतात. ओंडका खाली संथ पडलेला, आणि वितभर वर, भोकांच्या ओळीपाशी, ज्वाळा आळसावल्यासारख्या डुलत असतात. विझतात, पुन्हा उमटतात. तो वायू जळत असतो, जो पहिल्या रात्री छपरावरून ओघळत होता. त्या दिसेपर्यंत दांडी खाली आणायची नाही, आणि दांडी आणल्यावर त्या विझल्या तर एक पायरी मागे जायचं. तापमापक नसला तरी चालेल, या ज्वाळा पुरेत. घड्याळावर मात्र विसंबू नये; वाऱ्याच्या रात्री वीस मिनिटांचं काम बारात होतं, दमट हवेत तिसांत.

शेवटच्या नोंदीतली दांडी "पुन्हा अर्ध्यावर" का, हे भाऊजींनी विचारलं. निखाऱ्यांना हवा लागतेच, आणि ती कोंडली तर ते कार्बन मोनॉक्साइड सोडतात. तो वायू दिसत नाही, वास नाही. त्यातच निखाऱ्यांच्या वेळी धुराडं थंड होत असतं, म्हणजे ओढही कमी. म्हणून वरची दांडी कधीच पूर्ण मिटायची नाही, आणि त्या वायूची सूचना देणारा अलार्म झोपण्याच्या खोलीजवळ असायलाच हवा. तो त्यांच्याकडे होता, पण बॅटरी संपलेली. बदलली. शिवाय निखारे साचू दिले तर पुढच्या भरणीला जागा उरत नाही.

आठव्या रात्री मी स्वतः शेण खाल्लं. घाईत होतो, पाइप २४० झाला म्हणून वरची दांडी एकदम पूर्ण बंद केली. दोन मिनिटं काळोख, आत नुसता करडा धूर गरगरतोय. मग 'भप्' असा आवाज, पाइप थरारला आणि दोन सांध्यांमधून धुराची एकेक पिचकारी खोलीत. तापलेल्या लाकडातून वायू सुटत राहिला होता, हवा नव्हती म्हणून साचला. जरा हवा मिळाली आणि एकदम पेटला. अशा वेळी दार उघडणं म्हणजे संकटाला आमंत्रण. मी दांडी हळूहळू उघडली आणि ज्वाळा परतेपर्यंत लांब उभा राहिलो. भाऊजी मागे होते. "तुझ्या वहीत हे लिही," एवढंच म्हणाले. लिहिलं.

दार उघडताच धूर खोलीत येतो, ही आणखी एक जुनी तक्रार होती. तिचं उत्तर शेगडीत नव्हतंच. स्वयंपाकघरातला पंखा घरातली हवा बाहेर फेकत होता, घर घट्ट बंद, मग ती हवा भरून यायला सगळ्यात सोपी वाट धुराडं. पंखा बंद, शेजारची खिडकी बोटभर उघडी, दार आधी इंचभर उघडून अर्धा मिनिट थांबायचं आणि मग सावकाश पूर्ण. धूर थांबला. ओढ म्हणजे शेवटी तापलेली हवा हलकी आणि थंड हवा जड, एवढाच मामला. धुराडं जितकं उंच आणि गरम, तितकी ती जोरदार. बेंजामिन फ्रँकलिनसारख्या माणसालाही हे नडलं होतं. १७४० च्या दशकात त्यानं केलेल्या शेगडीत धूर आधी खाली वळवून मग वर सोडला होता, उष्णता जास्त काढून घ्यावी म्हणून. धूर थंड झाला की ओढच संपायची. पुढे इतरांनी ती वाट सरळ केली.

राहिला प्रश्न पहाटेच्या उबेचा, ज्यासाठी हा सगळा खटाटोप मुळात सुरू झाला होता. इथे मला भाऊजींना हवं ते पूर्ण देता आलं नाही. छोट्या पेटीत रात्रभराचा जाळ बसत नाही; तो बसवायचा म्हणून हवा दाबली की आपण पहिल्या रात्रीवर परत. तडजोड अशी ठरली: दहाच्या सुमाराला शेवटची भरणी, जरा जाड ओंडके, एकमेकांना चिकटवून, म्हणजे जळायचा पृष्ठभाग कमी. त्यांना पूर्ण अर्धा तास मोकळी हवा, निळ्या ज्वाळा दिसल्यावरच दांडी पाववर, आणि मग झोपायचं. पहाटे पाचला पेटीत जाळ नसतो. राखेखाली मूठभर निखारे असतात, त्यांवर ढलप्या टाकल्या की काडीही लागत नाही. खोलीचं तापमान पाचला मोजलं: आधीच्या रात्रींपेक्षा दोन अंश जास्त. फार नाही. पण लाकूड चारच्या जागी तीन ओंडके, आणि सकाळी पेटीत अर्धवट काळं काही नाही.

भाऊजी यावर खूश नाहीत. दोन अंशांसाठी अर्धा तास जागायचं, हा सौदा त्यांना अजून पटलेला नाही, आणि ते दिवसभर थकून येतात हे बघता मी वाद घालत नाही. ज्या रात्री जागायचं नसेल त्या रात्री नऊलाच शेवटची छोटी भरणी करून ती मोकळी जळू द्यायची आणि जास्तीचं पांघरूण घ्यायचं, हा त्यांचा स्वतःचा तोडगा. मला तो माझ्यापेक्षा बरा वाटतो.

महिन्याभरानं ताईनं पाइप उघडून झाडल्याचे फोटो पाठवले. मी गेलो होतो तेव्हा आत चकचकीत काळा थर होता, नखानं न निघणारा. तो झाडूनं जात नाही, त्यासाठी माणूस बोलवावा लागला. या वेळी निघाली ती तपकिरी भुकटी, वाटीभर. काचेच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा डाग अजून येतो. ती ओला कागद राखेत बुडवून तो पुसते. वरच्या दांडीशेजारी भाऊजींनी पेन्सिलनं तीन रेघा मारल्या आहेत, आणि चौथी, अगदी टोकाला, पूर्ण बंद दाखवणारी, तिच्यावर फुली.